इंजिन बंद आहे, मिस्त्री

काम साधंच होतं. मोहगावला जायचं, दोन महिने उभी असलेली एक जुनी मोटरसायकल चालू करायची आणि तिच्यावर बसून पांढुर्ण्याला परत यायचं.

पुंडलिकरावांनी गोष्ट इथून सुरू केली. पांढुर्ण्याला लागून, जाम नदीच्या दुसऱ्या काठावर त्यांचं सावरगाव; तिथं संध्याकाळपासून वीज नव्हती. पोळा चार दिवसांवर आला होता. ओट्यावर कंदील होता आणि ऐकायला दोघंच होते. एक त्यांची मुलगी वंदना, दुसरा तिगावचा सुधाकर. सुधाकर त्यांचा शाळेतला विद्यार्थी, आता नागपूरला कॉलेजात होता. सुट्टीवर आला की गुरुजींकडे यायचा आणि वाद घालायचा. भुतं नसतात यावर त्याचं बोलून झालं होतं.

"नसतील," पुंडलिकराव म्हणाले. "मी काही पाहिली नाहीत. माझ्या ओळखीच्या एका माणसाबरोबर जे झालं ते सांगतो. मधात बोलू नको."

तारीख त्यांना पाठ होती. नऊ फेब्रुवारी एकोणीसशे शहाऐंशी. रविवार, अमावस्या. अडीच वर्षं झाली त्याला.

माणसाचं नाव प्रभाकर. पांढुर्ण्यात त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. वय अठ्ठावीस, आयटीआय केलेला, हाताला चांगला. ट्रॅक्टर लांबून येताना ऐकला तरी काय बिघडलंय ते सांगायचा. लोक मिस्त्री म्हणायचे आणि ते त्याला आवडायचं. दुकानापुढे एक लांब बाक होता. संध्याकाळी त्यावर चार रिकामी माणसं बसायची, चहा प्यायची आणि मिस्त्रीचं कौतुक करायची. कौतुकाची सवय वाईट असते. त्या बाकाकडे न पाहता प्रभाकरला साधा नटसुद्धा फिरवता येईनासा झाला होता.

मोटरसायकल होती मोहगावच्या मोतीरामची. मोतीराम फौजेत होता, मोटरसायकलवरून निरोप पोचवण्याच्या कामावर. निवृत्त झाल्यावर मिलिटरीच्या लिलावातून तसलीच एक जुनी इंग्रजी गाडी घेऊन आला आणि वीस वर्षं तिला लेकरासारखं जपलं. गावातून रात्री बस नसे. कोणाला विंचू चावला, कोणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, की लोक मोतीरामच्या दारात. तेव्हा त्याची जात कोणी विचारत नसे. दिवसा विचारत.

त्याच्या आदल्या डिसेंबरात तो गाडी घेऊन प्रभाकरकडे आला होता.

"दिवा मंद होऊन राहिला, भाऊ. बॅटरी भरत नाही. डायनॅमोचे कार्बन झिजले असतीन. जरा उतरवून पाहता काय? रात्री कोणाले दवाखान्यात न्या लागते, दिवा पाहिजे."

साठीचा माणूस होता. प्रभाकर त्याला अरे-तुरे करत होता. बाकावर जागा होती, पण कोणी सरकलं नाही. मोतीराम उभाच राहिला.

"त्या गाडीचं एक समजून घ्या," पुंडलिकराव म्हणाले. "तिचं इंजिन बॅटरीवर चालत नाही. ठिणगीची सोय वेगळी. बॅटरी फक्त दिव्यासाठी, आणि ती भरायची डायनॅमोनं. दिव्याच्या डुमावर, म्हणजे गोल टोपावर, एक छोटं मीटर असते. मधात शून्य, दोन्ही बाजूंना आठपर्यंत आकडे. काटा प्लसकडे गेला तर बॅटरी भरत आहे, मायनसकडे गेला तर रिकामी होत आहे. मालकानं त्या काट्यावरच भरवसा ठेवायचा."

प्रभाकरनं बॅटरीचं झाकण काढलं आणि हसला. बॅटरीची प्लसची तार गाडीच्या लोखंडाला, म्हणजे बॉडीला, जोडलेली होती. इथले सगळे ट्रक, सगळे ट्रॅक्टर मायनस बॉडीला लावतात. त्यानं उलटं कधी पाहिलंच नव्हतं.

"हे कोण्या शहाण्यानं केलं?"

"ते बराबर आहे, भाऊ. या गाडीत लाल तारच बॉडीले असते. अशीच येते ती."

"फौजेतली वीज उलटी वाहते काय रे?"

बाक हसला.

बिघाड सापडला, असं प्रभाकरनं ठरवून टाकलं. डायनॅमो उतरवला असता तर दोन मिनिटांत दिसलं असतं, की कार्बन खरंच झिजून संपले आहेत आणि डायनॅमो काहीच वीज देत नाही. त्यानं उतरवला नाही. तारांची टोकं कापली, अदलाबदल केली, झाळून, म्हणजे कथलाचा डाग देऊन, पक्की केली. बॅटरी रात्रभर दुकानातल्या चार्जरवर लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोतीराम आला तेव्हा बाक भरलेला होता. प्रभाकरनं सगळ्यांसमोर दिव्याचं बटण फिरवलं. दिवा लख्ख. मीटरचा काटा सरळ प्लसवर.

"पाह्य. भरून राहिली."

मोतीरामनं वाकून मीटर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला,

"इंजिन बंद आहे, मिस्त्री."

पुंडलिकरावांनी दोघांकडे पाहिलं. सुधाकरच्या लक्षात आलं होतं. वंदनाच्या आलं नव्हतं.

"इंजिन बंद, म्हणजे डायनॅमो फिरत नाही. मग भरतं कोण?" पुंडलिकराव म्हणाले. "कोणीच नाही. बॅटरी उलटी लावली, म्हणून मीटरही उलटं बोलत होतं. दिवा बॅटरी खात होता आणि काटा सांगत होता, भरून राहिली."

प्रभाकरला ते त्याच क्षणी कळलं. पुढे त्यानं स्वतः तसं सांगितलं. "थांब मोतीराम, पाहू दे," एवढं म्हणायचं होतं. पण बाक पाहत होता. आणि तेवढ्यात बाकावरचा एक जण हसला. "मिस्त्रीले शिकवून राहिला हा," म्हणाला. मग सगळेच हसले. त्या हसण्याच्या आडोशानं प्रभाकरही हसला.

मोतीराम हसला नाही. त्यानं किक मारली आणि गेला.

"पण बाबा, घरी जाऊन त्यानं तारा बदलल्या काहून नाहीत?" वंदनानं विचारलं.

"टोकं झाळून टाकली होती न. अन् चार माणसं एखाद्यावर हसली, की तो माणूस घरी जाताना वाटेत स्वतःलाच विचारतो, आपलंच तर चुकत नाही? वीस वर्षांचं ज्ञान असो, नाहीतर चाळीस."

सहा दिवसांनी, दहा डिसेंबरच्या रात्री, शेजारच्या वत्सलाला कळा सुरू झाल्या. मोतीराम नर्सबाईला आणायला निघाला. पांढुर्ण्याच्या रस्त्यावर एका नाल्यावर रपटा आहे, म्हणजे ठेंगणा पूल, सिमेंटचा, कठडे नसलेला. त्या रपट्यावर संत्र्याच्या पेट्यांची बैलगाडी आस मोडून उभी होती. गाडीवान बैल सोडून गावात माणसं आणायला गेला होता. गाडीला कंदील नव्हता. मोटरसायकलचा दिवा विझलेला होता. इंजिन मात्र चालूच होतं, त्याला बॅटरी लागत नव्हती. मोतीराम अंधारात सरळ त्या बैलगाडीवर आदळला.

दिवा मंद होऊ लागला तेव्हा मोतीरामनं मीटर पाहिलंच असणार. काटा सांगत होता, भरून राहिली.

चौकशीला पोलीस ठाण्यातला जमादार आला. तारा कापून जोडलेल्या दिसतात, कोणी केलं, म्हणाला. प्रभाकर म्हणाला, "मी बराबर लावून दिल्या होत्या. घरी जाऊन त्यानंच उलट्या केल्या असतीन. म्हातारा स्वतःले मिस्त्री समजे." बाकावरच्या त्या आधी हसलेल्या माणसानं मान हलवली. जमादारानं लिहून घेतलं. मोहगावपर्यंत ती गोष्ट गेली, की मोतीराम मेला तो स्वतःच्या अर्धवट अकलेनं.

कंदिलाची वात थोडी वर आली होती. पुंडलिकरावांनी ती खाली केली.

फेब्रुवारीत मोतीरामच्या बायकोचा, यमुनाबाईचा, निरोप आला. गाडी चालू करून द्या आणि घेऊन जा, दारात पाहवत नाही. प्रभाकरनं नाही म्हणायला हवं होतं. पण का नाही, असं कोणी विचारलं असतं तर काय सांगणार? रविवारी दुपारच्या बसनं तो निघाला. मांडीवर पोत्यात गुंडाळलेली चार्ज केलेली बॅटरी.

गाडी टिनाच्या छपरीत होती. मोतीरामचा धाकटा भाऊ वामन यानं पुढचं चाक आणि हँडल सरळ करून ठेवलं होतं. दिव्याची काच तडकलेली, बल्ब शाबूत. प्लग साफ कर, पेट्रोलची नळी बदल, असं करता करता अंधार पडला. शेवटी बॅटरी. यमुनाबाई कंदील घेऊन जवळ येऊन उभी राहिली.

धडकेत झाळलेले सांधे तुटून तारा मोकळ्या लोंबत होत्या. प्रभाकरनं त्या हातात घेतल्या.

"ते लाल बॉडीले लावत, भाऊ," ती म्हणाली.

त्याचा हात थांबला.

"रोज पुसत अन् मले सांगत. यमुना, लाल बॉडीले, ध्यानात ठेव. मले काय करायचं होतं ध्यानात ठेवून? पण राहिलं." तिनं कंदील थोडा वर धरला. "जमादार म्हणे, त्यानंच उलटं केलं. तुम्ही मिस्त्री आहात. तुम्हीच सांगा, ते करतीन असं?"

प्रभाकरला आता फक्त लाल तार बॉडीला लावायची होती. बोलायचीही गरज नव्हती. तिनं पाहिलं असतं आणि तिला कळलं असतं. तेवढंच मागायला तिनं त्याला बोलावलं होतं. गाडीचं निमित्त होतं.

त्यानं काळी तार बॉडीला लावली. मागच्यासारखीच. खाली मान घालून म्हणाला,

"म्हातारपणी होते असं कधी कधी, बाई."

यमुनाबाईनं कंदील उचलला आणि घरात गेली. वामन म्हणाला, "रात झाली, सकाळी जा न." प्रभाकरला तिथं एक मिनिटही थांबायचं नव्हतं. पावणेआठ वाजले होते. बॅटरी तास-दीड तास तरी चालेल, तेवढ्यात पोचू, असा हिशेब करून त्यानं किक मारली. पहिल्याच किकला इंजिन बोललं.

मोहगाव मागे पडलं. थंडी होती. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगिचे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी जड चालत होती. पंक्चर असेल म्हणून त्यानं उतरून मागचं चाक दाबून पाहिलं. हवा ठीक होती. पुन्हा निघाला. चढावर तर गाडी अशी ओढत होती, जसं मागे कोणी बसलेलं असावं. जुनी गाडी, दोन महिने उभी... होतं असं, म्हणाला मनाशी.

पाऊण तास झाला असेल. दिवा पिवळा पडू लागला.

त्यानं मीटर पाहिलं. काटा प्लसवर.

दिवा तांबडा झाला. विडीच्या टोकाएवढा उरला. मग तोही गेला.

प्रभाकरनं ब्रेक दाबला. पाय टेकवला तर खाली सिमेंट लागलं. डावीकडे पाय सरकवला तर कड, आणि त्याच्या खाली पाणी वाजत होतं.

तो रपट्यावर होता.

त्यानं इंजिन बंद केलं. का बंद केलं ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. सगळं शांत झालं. नाल्याचा आवाज... आणि मग मागून आणखी एक आवाज. मागच्या सीटच्या स्प्रिंगा. दाबून ठेवलेल्या स्प्रिंगा सुटल्यावर होतो तसा.

कोणी तरी उतरलं होतं.

गाडी हलकी झाली.

"कोण आहे?"

...

"वामन?"

...

प्रभाकर तसाच बसून राहिला. दोन्ही हात हँडलवर. मग उजव्या बाजूनं, अगदी दिव्याजवळून, वाकून बोलणाऱ्या माणसाचा आवाज आला. रागाचा नाही. हळू. कोणाला ऐकू जाऊ नये इतका हळू.

"दिवा लावा, मिस्त्री."

"बॅटरी... बसली."

"लावा न."

त्यानं बटण फिरवलं. अंधार होता तसाच राहिला. खिशात काडेपेटी होती. तीन काड्या मोडल्या. चौथी पेटली. आधी त्यानं आजूबाजूला पाहिलं नाही. पाहवलं नाही. काडी मीटरवर धरली.

काटा प्लसवर होता. शेवटच्या आकड्यावर. आठ.

बॅटरी मेलेली. दिवा बंद. काटा आठवर.

"इंजिन बंद आहे, मिस्त्री."

काडी विझली.

प्रभाकर उतरला. चाचपडत पाना काढला. बॅटरीची एक तार सोडवली. दुसरी सोडवली. बॅटरी उचलून लांब रस्त्यावर ठेवली. मग पुन्हा काडी पेटवली.

आठ.

आता गाडीत वीज नव्हतीच. थेंबभरही नाही.

"हो," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते माहीत नाही. "हो, बंद होतं. मले दिसलं होतं."

...

"मले तेव्हाच दिसलं होतं, मोतीरामजी."

...

त्यानं त्या माणसाला पहिल्यांदा जी लावलं. नाला वाजत होता. काडी बोटांपर्यंत जळत आली. मग अंधारात, पुन्हा तितक्याच हळू, त्याचेच शब्द त्याला परत मिळाले.

"भरून राहिली न?"

आणि मागच्या सीटच्या स्प्रिंगा दबल्या.

तिथून पांढुर्ण्यापर्यंत प्रभाकरनं गाडी ढकलत आणली. तिच्यावर बसला नाही. मागे पाहिलं नाही. दोन माणसांचं वजन ढकलल्यासारखी ढकलत आणली. पहाटे चार वाजता सावरगावात एका दारावर थाप पडली. दार उघडलं तर हा उभा. तळहात सोललेले, ओठ काळे पडलेले. ओट्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं, मग गाडीचं मीटर खोलून काढलं, त्या घरवाल्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, हे तुम्ही ठेवा.

"हाच ओटा," वंदना म्हणाली. तिनं पाय वर घेतले.

"हाच. गाडी पुढे वामननं भंगारात दिली."

"आणि मीटर?" सुधाकरनं विचारलं.

पुंडलिकराव उठले. आतून रुमालात बांधलेलं काही घेऊन आले आणि कंदिलाजवळ उघडलं. पितळी कडीचं, रुपयाहून थोडं मोठं मीटर. मागे दोन स्क्रू, मोकळे. काटा प्लसच्या आठवर.

सुधाकरनं ते उचललं, हलवलं, उलटं केलं, नखानं काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. "जाम झालं असेल," तो म्हणाला आणि ते खाली ठेवलं. "मला वेगळंच विचारायचं आहे, गुरुजी. यमुनाबाईंना हे कोणी सांगितलं?"

"प्रभाकर जातो म्हणाला होता. गेला नाही. महिन्याभरात दुकान बंद करून इटारसीकडे निघून गेला."

"म्हणजे अडीच वर्षं ती बाई तेच ऐकून राहिली? आपल्या नवऱ्यानंच उलट्या तारा लावल्या म्हणून?"

"हो."

"मग बाकावरचे बाकीचे? त्यांना तोंड नव्हतं काय? जो आधी हसला तो? तो तर अजून पांढुर्ण्यातच असेल न?"

जाम नदीकडून वारं आलं. कंदिलाची ज्योत आडवी होऊन सरळ झाली.

"प्रभाकर एवढ्या पहाटे तुमच्याच दारात काहून आला, बाबा?" वंदनानं विचारलं. मग तिनंच मान फिरवली, जणू प्रश्न परत घ्यायचा होता.

"मिस्त्रीची फजिती होऊ नये म्हणून हसलो," पुंडलिकराव म्हणाले. "चांगला पोरगा होता. चारचौघांत त्याचं नाक कापलं जाऊ नये, एवढंच वाटलं मले. मोतीरामलाही नाक आहे, हे... नाही आलं डोक्यात." त्यांची नजर कंदिलावर होती. "आधी हसलो तो मी. जमादारासमोर मान हलवली तो मी. मोतीराम काय बोलला ते मी ऐकलं होतं, सुधाकर. इंजिन बंद आहे. बाकाच्या त्या टोकाला मीच होतो. मले ऐकू आलं होतं."

सुधाकर त्यांच्याकडे पाहत नव्हता. ज्यांच्याकडून तो बेरीज शिकला, खरं बोलायला शिकला, त्यांच्याकडे त्याला त्या घडीला पाहवत नव्हतं. तो खाली पाहत होता.

"गुरुजी," तो म्हणाला. "काटा."

काटा शून्यावर होता. मधोमध. किंचित थरथरत, जसा जिवंत मीटरचा थरथरतो.

तिघंही पाहत राहिले.

"उद्या सकाळी मोहगावला चला," सुधाकर घाईनं म्हणाला. "पहिल्या बसनं. मी येतो तुमच्यासंगं. दहा मिनिटांचं काम आहे. तिच्यासमोर एवढंच बोलायचं."

"जाऊ न," पुंडलिकराव म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून उठले. "जाऊ. पण आता पोळा आला तोंडावर. घरी पाहुणे. पोळा होऊ दे... मंग पाहू."

ते आत गेले. दाराची कडी वाजली.

वंदनानं रुमाल बांधायला कंदील जवळ ओढला. मीटरला कोणी हात लावला नव्हता.

काटा पुन्हा आठवर होता.